आधी पाणी, मग पक्षी: हिवाळ्यात खाडीच्या चिखलावर एक दिवस

जंगलात पक्षी बघायचे तर पहाटे निघा, एवढं सांगितलं की काम भागतं. खाडीच्या चिखलावर हा सल्ला बऱ्याचदा अंगाशी येतो. ऐन सूर्योदयाला पोहोचावं तर पाणी किलोमीटरभर मागे सरलेलं असतं. दूर कुठंतरी हजारभर ठिपके हलत असतात आणि स्कोप (पक्षी पाहायची छोटी दूरदर्शी) लावूनही त्यातला एक धड ओळखता येत नाही. दुपारी भरती चढू लागल्यावर त्याच बांधावर गप्प बसून राहिलं, तर तेच ठिपके पन्नास-साठ मीटरवर आपण होऊन चालत येतात. म्हणून या लेखात पक्ष्यांआधी पाण्याबद्दल लिहिणार आहे, आणि जरा जास्तच लिहिणार आहे.

दिवस कसा निवडायचा

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे आजची वेळ उद्या सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. इथपर्यंत बहुतेकांना ठाऊक असतं.

पण एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या कोणत्याही एका जागी उधाणाची भरती दर वेळी घड्याळात साधारण त्याच सुमारास येते. तुमच्या खाडीवर या पौर्णिमेला बाराच्या आसपास पाणी भरत असेल, तर पुढच्या अमावास्येलाही ते बाराच्याच आसपास भरेल, आणि भांगाची भरती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास येईल. अशी खाडी पक्षी पाहायला सोन्यासारखी, कारण मोठं पाणी भर उजेडात मिळतं. उलट जिथं उधाण सकाळी-संध्याकाळी सहाला येतं, तिथं भरदुपारी फक्त भांगाचं पाणी हाती लागतं. अशा वेळी चिखल पूर्ण बुडत नाही, पक्षी लांबच राहतात आणि दिवस हुकल्यासारखा वाटतो. एकदा आपल्या जागेचं हे गणित कळलं की अख्ख्या हिवाळ्याचे चांगले दिवस कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवता येतात.

माझी पसंती ऐन उधाणाला नाही. सर्वांत मोठ्या पाण्यात पक्ष्यांची बसायची जागाच बुडते, आणि थवे उठून आतल्या शेतांत, मिठागरांत किंवा कुठल्यातरी तळ्यावर निघून जातात. उधाणाच्या दोन-तीन दिवस अलीकडची किंवा पलीकडची, जरा कमी उंचीची भरती उत्तम. चिखल जवळजवळ सगळा झाकला जातो, पण शेवटचा एखादा पट्टा शिल्लक राहतो आणि सगळी गर्दी तिथं जमते.

भरतीचं कोष्टक हा अंदाज असतो, हेही ध्यानात असू द्या. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलनं (हवामान खात्याचं दाब मोजायचं एकक) उतरला की समुद्राची पातळी साधारण १ सेंटिमीटरनं वर येते. त्यात समुद्राकडून जोराचा वारा असेल तर पाणी कोष्टकापेक्षा वर चढतं, आणि कधी लवकरही. भूमध्य किंवा बाल्टिक समुद्रासारख्या ठिकाणी भरती-ओहोटी नावापुरतीच असते. तिथं चिखल उघडा पडतो तो वाऱ्याच्या दिशेवर. अशा किनाऱ्यावर कोष्टक बाजूला ठेवून हवामानाचा अंदाज पाहावा.

पाणी किती वेगानं येतं

दर्यावर्दी लोकांचा बारा हिश्श्यांचा एक ठोकताळा आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगानं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बारा हिश्श्यांपैकी एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. चढ चार मीटरचा धरला तर पहिल्या तासात जेमतेम ३३ सेंटिमीटर आणि मधल्या दोन तासांत मिळून पूर्ण दोन मीटर.

आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. पक्ष्यांची मोठी सरकासरक भरतीच्या आधी चार ते दोन तास या दरम्यान होते. त्या आधी तुम्ही जागेवर बसलेले हवेत. तेव्हा गाडी लावून, ट्रायपॉड उघडत चालत येणारा माणूस फक्त थवे उडवतो.

हाच नियम जिवाचाही आहे. चिखल जवळपास सपाट असतो, म्हणून उंचीतला थोडा फरक आडवा शेकडो मीटर धावतो. शिवाय पाणी समोरूनच येतं असं नाही. आधी तुमच्या मागचे ओहोळ भरतात आणि तुम्ही उभे असता ते उंचवट्याचं बेट होऊन जातं. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री इंग्लंडच्या मोरेकँब खाडीत शिंपले वेचणारे वीसहून अधिक लोक असेच चढत्या पाण्यात अडकून मेले. पक्षी पाहण्यासाठी उघड्या चिखलात उतरायची कधीच गरज नसते. बांध, दगडी धक्का, पक्की पायवाट सोडायची नाही.

तरीही पाय रुतलाच तर जोर लावून उपसू नका, दुसरा पाय आणखी खोल जातो. पाठीमागे कलून बसा, वजन पसरू द्या, पाय थोडा थोडा हलवत पाणी आत शिरू द्या आणि आडवं होऊन, सरपटत आलेल्या वाटेनंच परत फिरा. सोबत्यानं चिखलात शिरून ओढायचा प्रयत्न करू नये, त्यानं लगेच मदतीसाठी फोन करावा. निघण्यापूर्वी घरी कुणाला तरी जागा आणि परतीची वेळ सांगून ठेवा.

जागा आणि ऊन

आदल्या दिवशी उपग्रहाचा नकाशा उघडून तीन गोष्टी शोधा. पहिली, गोड्या पाण्याचा ओढा खाडीला मिळतो ती जागा; तिथं बदकं आणि कुरव पाणी प्यायला, अंघोळीला येतात. दुसरी, चिखलातून बांधापर्यंत येणारे अरुंद ओहोळ. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, भरतीतही कोरडी राहणारी जागा: वाळूचा दांडा, जुना धक्का, मिठागराचा बांध, खाजणातला उंचवटा. पक्षी भरतीला तिथंच जमतील. तुम्ही तिथून लांब, पण ती जागा सरळ दिसेल असे बसा.

उत्तर गोलार्धात हिवाळ्याचा सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. ओल्या चिखलाची चमक इतकी असते की सूर्यासमोर पाहिलं तर सगळे पक्षी काळ्या आकृत्या होतात. म्हणून चिखल तुमच्या उत्तरेला राहील अशी बाजू निवडा. बांधाच्या माथ्यावर आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभं राहू नका. उताराला पाठ लावून खाली बसलं की पक्षी तुमची फारशी दखल घेत नाहीत.

सामान

८×४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची) दुर्बीण पुरते. १०×४२ चांगली, पण वाऱ्यात हात हलतो. खरा फरक पडतो तो स्पॉटिंग स्कोपनं. २० ते ६० पट वाढवणारा स्कोप असला तरी बहुतेक काम २५-३० वरच करा. ऊन चढलं की चिखलावरची हवा हिवाळ्यातही थरथरायला लागते, आणि ६० पटीवर पक्ष्याऐवजी ती थरथर मोठी होऊन दिसते. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडू नका. बसून, खुजा लावून पाहा, वाऱ्यात हलत नाही.

कपड्यांचं थोडक्यात: तुम्ही पाच-सहा तास जवळपास न हलता बसणार आहात, त्यामुळे चालायला पुरेल त्यापेक्षा एक थर जास्त, वारा अडवणारं जॅकेट, बोटं मोकळी करता येतील असे हातमोजे आणि बूड ओलं होणार नाही अशी बैठक. पिण्याचं पाणी विसरू नका. थंडीत तहान लागत नाही, डोकं मात्र दुखतं.

दिवस उलगडतो कसा

समजा भरती साडेबाराला आहे. म्हणजे ओहोटीचा तळ सव्वासहाच्या आसपास.

उजाडताना पोहोचलात तर लांबच्या ठिपक्यांच्या मागे लागू नका. जवळचे ओहोळ बघा. लाल पायांचा रेडशँक, तुतारी, शेकाट्या, वंचक ओहोळाच्या काठाकाठानं चरत अगदी बांधापर्यंत येतात. खाजणाच्या झुडपांत आणि गवतात छोटे पक्षी या वेळी हालचाल करत असतात. उघड्या पाण्यावर थापट्या, तलवार बदकं, चक्रवाक दिसतात का ते पाहून घ्या. स्कोप डावीकडून उजवीकडे संथपणे फिरवून कुठल्या भागात जास्त पक्षी आहेत एवढंच टिपून ठेवा, कारण भरतीला ते तिथूनच निघणार.

साडेआठपर्यंत बैठक मारा. नऊनंतर पाण्याची कड सरकताना नजरेला जाणवू लागते आणि कडेबरोबर पक्षी येतात. लहान पाय असलेले आधी हटतात. लांब पायांचे, लांब चोचीचे गॉडविट आणि उचाट्या पोटापर्यंत पाण्यात चरत राहतात, मग एकदम उडून शंभर मीटर पुढे येऊन उतरतात. दर दहा मिनिटांनी चित्र बदलतं. इथं मोह होतो तो सगळं बघायचा. माझं सांगणं उलटं आहे: एक पक्षी धरा आणि पाच मिनिटं त्यालाच बघा.

कर्ल्यू धरा, खाली वळलेल्या लांब चोचीचा मोठा पक्षी. तो मान तिरकी करून ती वाकडी चोच कपाळापर्यंत चिखलात खुपसतो, जरा फिरवतो, थांबतो. किडा सापडला की झटका देत नाही, तुटेल म्हणून. ताण देत, थांबत, पुन्हा ताण देत तो त्याला बाहेर काढतो. खेकडा सापडला तर आपटून, झटकून त्याचे पाय तोडतो आणि मग गिळतो. एवढ्यात मागे टपून बसलेला कुरव घास पळवायला धावतो. कर्ल्यूच्या चोचीची लांबी जरा जास्त वाटली तर ती बहुधा मादी असते.

राखाडी गर्दीतून ओळख

नवशिक्याला सर्वांत जास्त छळतो तो रंग. प्रजननाच्या काळातली तांबडी-काळी पिसं हिवाळ्यात गळून गेलेली असतात आणि सगळेच वर राखी, खाली पांढरे दिसतात. त्यामुळे पुस्तकातल्या चित्राशी रंग जुळवत बसण्यात अर्थ नाही. चरण्याची ढब बघा, ती लांबूनही कळते आणि लपत नाही.

चिखल्यांच्या गोतातले पक्षी डोळ्यांनी शिकार करतात. धावतात, थबकतात, टोचतात, पुन्हा धावतात. चोच आखूड, डोळे मोठे, आणि ते रात्रीही चरतात. डनलिन हा छोटा पक्षी उलट डोकं खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच भराभर मारत पुढे सरकतो. सँडरलिंग लाटेच्या मागे धावतो आणि लाट परतली की पुढे पळतो. वाळूचा काठ सोडून चिखलात तो क्वचितच. उचाट्या वर वळलेली चोच डावी-उजवीकडे फिरवत पातळ चिखल चाळतो. गॉडविट लांब सरळ चोच मुळापर्यंत खुपसतो. शिंपले खाणाऱ्या ऑयस्टरकॅचरचे तर दोन संप्रदाय आहेत: काही शिंपला ठोकून फोडतात, काही उघड्या फटीत चोच घालून आतला स्नायू कापतात.

नॉट हा दिसायला अगदीच सामान्य, गोलसर राखी पक्षी, पण त्याची कारागिरी थक्क करणारी. ओल्या वाळूत चोच खुपसली की आत दडलेल्या कठीण शिंपल्यामुळे पाण्याच्या दाबात पडणारा फरक त्याला चोचीच्या टोकानं जाणवतो. चोच शिंपल्याला प्रत्यक्ष लागावीही लागत नाही. मग तो शिंपला अख्खा गिळतो आणि पोटातल्या स्नायूंच्या पिशवीत त्याचा चुरा करतो.

उडताना पंख आणि पाठ बघा, कारण बसलेल्या पक्ष्यात जे लपतं ते तिथं उघडं पडतं. रेडशँकच्या पंखांची मागची कड पांढरी. काळ्या शेपटीच्या गॉडविटच्या पंखावर ठळक पांढरा पट्टा, तर पट्टेरी शेपटीच्या गॉडविटचा पंख साधा. चिखल्यांच्याच गोतातला ग्रे प्लव्हर उडाला की काखेत काळा डाग दिसतो, आणि तो एकदा पाहिला की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही. शेपटीच्या मुळाशी पांढरं असलेला डनलिनसारखा पक्षी दिसला तर तो कर्ल्यू सँडपायपर समजा.

कानही कामाला लावा. रेडशँक धोका दिसताच सगळ्यांत आधी ओरडतो, ‘ट्यू-हू-हू’ असा उतरता सूर. त्याच्याच जातकुळीतल्या ग्रीनशँकचे तीन ‘ट्यू’ एका पट्टीतले, ठणठणीत. ग्रे प्लव्हरची शीळ तीन टप्प्यांची आणि उदास. एवढे आवाज पाठ असले तरी धुक्यातही निम्मी यादी होते.

जो पक्षी ओळखता आला नाही तो ‘न ओळखलेला छोटा वेडर’ (वेडर म्हणजे चिखलात, उथळ पाण्यात चरणारा पक्षी) म्हणून लिहा. सडपातळ चोचीच्या कर्ल्यूची शेवटची निर्विवाद नोंद १९९५ मधली, मोरोक्कोतल्या मेर्जा झेर्गाची. त्यानंतर अनेकांनी तो पाहिल्याचं सांगितलं, पण पुरावा टिकला नाही, आणि २०२५ मध्ये तो नामशेष जाहीर झाला. वेगळं काही दिसलं तर आधी फोटो, मग उत्साह.

भरतीचा माथा: मोजणी आणि ससाणा

बाराच्या सुमारास पक्षी दाटीनं उभे राहतात, एका पायावर, चोच पाठीत खुपसून, तोंडं वाऱ्याकडे. हीच मोजणीची वेळ. थव्याच्या एका टोकाला दहा पक्षी खरोखर मोजा आणि दहाचा गठ्ठा डोळ्यांत बसू द्या. तो गठ्ठा सरकवत शंभर करा, मग शंभराचा गठ्ठा सरकवत पुढे जा. मोठे पक्षी मागे आणि छोटे पुढे असतील तर जातवार दोन फेऱ्या करा. मागच्या रांगा झाकल्या जातात, म्हणून आकडा बहुधा कमीच भरतो. थवा उडून परत बसताना पुन्हा एकदा मोजून घ्या.

सगळा थवा अचानक आवाज न करता उठला आणि हवेत गोळा होऊन वळसे घेऊ लागला, तर पक्ष्यांकडे नको, वर आभाळात बघा. बहिरी ससाणा असतो. त्याला एकटा पडलेला पक्षी हवा असतो आणि थवा तेवढंच टाळत असतो. या गोंधळात थव्याचा रंग क्षणात पांढरा, क्षणात काळपट होतो, कारण सगळे एकदम पोट किंवा पाठ दाखवतात.

मोठ्या पाण्यात खाजण बुडू लागलं तर नजर तिकडे वळवा. एरवी गवतात दडून राहणाऱ्या पाणकोंबड्या आणि उंदीर कडेला ढकलले जातात, आणि भोवत्या पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून त्यांच्यावर संथ घिरट्या घालू लागतो.

आपण किती जवळ जायचं

उभा पक्षी जागा झाला, माना वर झाल्या, एखादा ओरडला, दोन-चार पावलं चालू लागले: तुम्ही आधीच जास्त जवळ आलात. तिथंच थांबा, बसा किंवा मागे व्हा. उडण्याची वाट बघू नका.

हा केवळ शिष्टाचार नाही. चिखल उघडा असतो तेवढाच वेळ या पक्ष्यांना खायला मिळतो, आणि भरतीचे तास ऊर्जा राखण्यासाठी असतात. प्रत्येक विनाकारण उड्डाण त्या साठ्यातून जातं, आणि हाच साठा पुढच्या प्रवासाला लागतो. २०२२ मध्ये पट्टेरी शेपटीचा एक गॉडविट, तेही त्याच वर्षी जन्मलेलं पिल्लू, अलास्कातून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर, सुमारे अकरा दिवस, कुठंही न उतरता उडाला. वाटेत त्याला खायला काही नव्हतं; जे होतं ते चिखलातून अंगावर चढवलेलं. म्हणून ड्रोन नको, मोकळा कुत्रा नको, फोटोसाठी थवा उडवणं तर अजिबात नको.

पाणी उतरताना

भरती संपली की बहुतेक लोक सामान आवरतात. मी आवरत नाही. भरतीनंतर तासा-दीड तासानं जो पहिला चिखल उघडा पडतो तो बांधाला लागून असतो, आणि चार तास उपाशी उभे राहिलेले पक्षी तिथंच तुटून पडतात. त्यांना पुढे सरकण्याची घाई नसते आणि ऊनही तिरकं, मऊ झालेलं असतं. फोटो काढायला चढत्या पाण्यापेक्षा ही वेळ मला जास्त आवडते. संध्याकाळी उजेड कमी होऊ लागला की कुरव आणि सुरय झोपायच्या जागी जाताना रांगेनं डोक्यावरून जातात; आभाळाच्या पार्श्वभूमीवर त्यांची मोजणी सोपी असते.

यादी त्याच दिवशी ई-बर्डवर (पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर) भरा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. आकड्याऐवजी नुसती हजेरीची खूण टाकलेली यादी पाणपक्ष्यांच्या बाबतीत फारशी उपयोगी नाही. आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणना १९६७ पासून आणि आशियातली गणना १९८७ पासून दर जानेवारीत अशाच मोजणीवर उभी आहे. पुढच्या जानेवारीत तुमच्या खाडीवर कोण मोजतं ते शोधून त्यांच्याबरोबर एकदा बसा, गठ्ठ्यानं मोजायला तिथं जितकं लवकर येतं तितकं एकट्यानं येत नाही. नोंदीत भरतीची वेळ, तिची उंची, वाऱ्याची दिशा आणि पक्षी नेमके कुठं बसले होते ते लिहा. तीन-चार फेऱ्यांच्या अशा नोंदी शेजारी ठेवल्या की कुठल्या उंचीच्या पाण्यात तुमची जागा बुडते आणि थवे कुठं जातात हे कळतं, आणि पुढच्या वेळी थेट तिथंच जाऊन बसता येतं.